कालव्याच्या काठाने कॅलिफोर्नियाकडे

नोकरी न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला हलली. सामान ट्रकने गेलं, नवरा मांजराला घेऊन विमानाने गेला आणि गाडी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. "एवढं लांब एकटी कशी जाशील?" म्हणत ते शेजारच्या सीटवर बसले, ते बसलेच.

बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळी हयात नीरा डाव्या कालव्यावर आणि त्याच्या चाऱ्यांवर, म्हणजे पोटकालव्यांवर गेली. मी पळायला शिकले तीही त्याच कालव्याच्या सेवापथावर, शाळेत असताना. म्हणून एकच अट घातली होती: जमेल त्या राज्यात सकाळी आधी पळायचं, मग गाडी हाकायची. बाबांनी उलट अट घातली. मी पळत असताना ते गाडीत बसून राहणार नाहीत, रस्ता बघणार. डिक्कीत दाण्याच्या लाडवांचा डबा, विजेवरची किटली आणि चहाचा थर्मास. पळताना खायला बाजारात चिकट गोड पाकिटं मिळतात. माझ्या पोटाला ती कधीच मानवली नाहीत, दाण्याचा लाडू मानवतो.

रविवार. न्यू जर्सी, किंग्स्टन

निघायच्या दिवशी ओळखीच्याच वाटेवर पळाले. डेलावेअर अँड रॅरिटन कालवा १८३० ते १८३४ च्या दरम्यान मुख्यतः आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्याने खणला. १८३२ च्या पटकीच्या साथीत त्यातले कितीतरी जण इथेच गेले. पेनसिल्व्हेनियातला दगडी कोळसा या पाण्यावरून न्यूयॉर्ककडे जायचा. बोटी ओढणारी खेचरं काठावरून चालायची आणि त्यांच्या त्या वाटेला टोपाथ म्हणतात. १९३२ नंतर बोटी थांबल्या, वाट राहिली. आता तिच्यावर बारीक कच टाकून दाबलेली आहे आणि शनिवार-रविवारी आमच्यासारखे लोक पळतात.

बाबा इथे आधीही फिरायला आले होते, पण आज वही घेऊन आले. परत आले तेव्हा मी पाय ताणत उभी होते.

"पाणी चालू आहे गं याला."

"हो, पिण्यासाठी उचलतात अजून."

"मग कालवा जिवंत आहे. पण भरावावर ही एवढी झाडं कशी वाढू दिली? मूळ कुजलं की पोकळी होते, पोकळीतून पाणी झिरपतं आणि एक दिवस कालवा फुटतो. आम्ही रोपटं दिसलं की उपटायचो."

त्या झाडांची पिवळी-तांबडी पानं बघायला ऑक्टोबरात लांबून लोक येतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. दुपारी निघालो आणि अंधार पडता पडता मेरीलंडमध्ये मुक्काम केला.

सोमवार. मेरीलंड, पॉ पॉ बोगदा

या प्रवासात मला सगळ्यात जास्त बघायची होती ती ही जागा. चेसापीक अँड ओहायो कालवा वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून कंबरलँडपर्यंत पोटोमॅक नदीच्या काठाने जातो. लांबी १८४.५ मैल, म्हणजे २९७ किलोमीटर, आणि एवढ्या अंतरात चढ फक्त ६०५ फूट. तो चढ ७४ लॉकमध्ये, म्हणजे बोटींना वरखाली करणाऱ्या दारांच्या हौदांमध्ये वाटून दिलेला. दोन लॉकच्या मध्ये वाट सपाट, लॉक आला की आठेक फुटांचा चढ, की पुन्हा सपाट. बाबांनी गाडीतच हिशेब केला: सरासरी सोळाशेला एक, म्हणजे सोळाशे फुटांमागे एक फूट. "पळणाऱ्याला यापेक्षा सोपा चढ कुठला द्यायचा?"

एका ठिकाणी नदी डोंगराभोवती मोठे वळसे घेते. काठाने कालवा नेण्यापेक्षा डोंगरच फोडू, असं ठरलं. १८३६ मध्ये काम सुरू झालं. दोन वर्षांत संपेल असा अंदाज होता. दगड ठिसूळ निघाला, पैसा संपला, मजुरांचे पगार थकले, मारामाऱ्या झाल्या, मध्ये काही वर्षं काम पार बंद पडलं. बोगदा वापरात आला १८५० मध्ये. लांबी ३,११८ फूट, आतून विटांचं अस्तर आणि त्यासाठी सुमारे साठ लाख विटा.

"चौदा वर्षं," बाबा म्हणाले. "किती सुप्रमा घेतल्या असतील!"

ज्यांच्या घरात पाटबंधारे खातं नाही त्यांच्यासाठी सांगते: सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. खर्च वाढला की ती घ्यावी लागते आणि खर्च नेहमीच वाढतो.

गाडीतळापासून बोगद्याचं तोंड अर्ध्या मैलावर आहे. डोक्याला दिवा बांधून आत शिरले. कालवा आणि टोपाथ शेजारीशेजारी आत जातात. वाट अरुंद आहे, खाली ओल आणि खड्डे, एका बाजूला लाकडी कठडा आणि त्याच्या पलीकडे काळं पाणी. समोर लांबवर दुसऱ्या टोकाचा उजेडाचा ठिपका दिसतो, पण कितीही पळलं तरी तो मोठा व्हायला तयार नसतो. माझा इथला वेग सांगण्यालायक नव्हता. कठड्यावर जागोजाग खाचा आहेत, दोरखंडांनी कापलेल्या. खेचर पुढे, बोट मागे आणि मधला दोर कठड्याला घासत जायचा. त्या खाचेत माझी दोन बोटं बसली.

आत एका वेळी एकच बोट मावायची. समोरासमोर आलेल्या दोन बोटींचे मालक हट्टाला पेटले आणि मागे हटायला कुणी तयार होईना, तेव्हा कंपनीच्या माणसाने एका तोंडाशी धूर करून दोघांना बाहेर काढलं, अशी गोष्ट इथे सांगतात. बाबांना ती लगेच पटली. आवर्तनाच्या, म्हणजे पाण्याच्या पाळीच्या वेळी चारीवर त्यांनी याहून वाईट बघितलंय.

खरी गंमत पुढे आहे. ४ जुलै १८२८ ला वॉशिंग्टनजवळ या कालव्याचं भूमिपूजन झालं आणि त्याच दिवशी बाल्टिमोरला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचं. दोघांची धाव ओहायो नदीकडे. रेल्वे कंबरलँडला १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये. म्हणजे कालवा पूर्ण झाला तेव्हाच तो जुना झालेला होता. तरी १९२४ पर्यंत तो चालला. पुढे त्याच्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये पत्रकारांना आपल्याबरोबर ही सगळी वाट चालायचं आव्हान दिलं. १९७१ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली.

परतताना बाबा बोगद्याच्या तोंडाशी विटांच्या थरांवर हात फिरवत होते. "तुम्ही पळणारे लोक मजेत आहात," ते म्हणाले. "चढ दुसऱ्यांनी काढून ठेवलाय, ओझं उचलायचं नाही, वर आरोग्यही सुधारतं." हे वाक्य मला पुढे सगळ्या राज्यांत ऐकावं लागणार होतं.

मंगळवार. ओहायो, कायहोगा व्हॅली

पुन्हा कालवा, पुन्हा टोपाथ. ओहायो अँड ईरी कालव्याचा ॲक्रन ते क्लीव्हलँड हा तुकडा १८२७ मध्ये सुरू झाला आणि १९१३ च्या पुराने त्याचा निकाल लावला. शेजारून वाहणारी कायहोगा नदी मात्र वेगळ्याच कारणाने गाजली. कारखान्यांच्या तेलाने ती इतकी माखली होती की जून १९६९ मध्ये क्लीव्हलँडला तिच्यावर आग लागली. अमेरिकेत नद्यांच्या स्वच्छतेचा जो कायदा १९७२ मध्ये आला, त्याच्या मागे या जळणाऱ्या नदीचाही हात आहे.

मी पळाले तो भाग बीव्हर मार्शचा. इथे पूर्वी मोटारदुरुस्तीचं गॅरेज आणि त्याचं भंगार होतं. १९८४ मध्ये स्वयंसेवकांनी ते उपसून काढलं. त्याच सुमारास बीव्हर, म्हणजे फांद्यांचे बांध घालणारे प्राणी, परत आले आणि त्यांनी जुन्या कालव्यात बांध घालून सगळं पाण्याखाली घेतलं. आता लाकडी पुलावरून ती दलदल ओलांडता येते. बाबांना बीव्हर दिसला नाही, पण त्याचा बांध दिसला. फांद्या कशा तिरक्या रोवल्यात, वर चिखल कसा लिंपलाय, सांडवा कुठे ठेवलाय हे ते बराच वेळ वाकून बघत होते. "टेंडर नाही, ठेकेदार नाही," एवढंच बोलले.

बुधवार

इंडियाना आणि इलिनॉय. मका, सोयाबीन, ट्रक, पुन्हा मका. पळाले नाही. दिवसभर गाडी चालवल्यावर मांड्या आखडतात, त्या पळून सुटत नाहीत, झोपून सुटतात. रात्री मिझुरीतल्या मोटेलमध्ये किटलीत पाणी उकळून पोहे भिजवले आणि वर लिंबू पिळलं. फोडणीशिवायच्या पोह्यांना बाबा पोहे म्हणत नाहीत, पण खाल्ले.

गुरुवार. मिझुरी, रोशपोर्ट

कालव्यांना रेल्वेने मारलं आणि रेल्वेला ट्रकने. मिझुरीची केटी ट्रेल ही चालण्या-पळण्याची वाट म्हणजे मिझुरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वेची मोडलेली लाइन. सारखे पूर सोसून कंपनीने १९८६ मध्ये इथली गाडी बंद केली. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने एक शहाणा कायदा केला होता: बंद पडलेल्या रेल्वेची जमीन तुकड्यातुकड्याने विकून टाकण्याऐवजी ट्रेल म्हणून राखून ठेवता येते. उद्या रेल्वेला हवी झाली तर परत घेता येते. या ट्रेलसाठी टेड जोन्स नावाचे एक व्यावसायिक आणि त्यांची पत्नी पॅट यांनी स्वतःच्या खिशातून मोठी देणगी दिली. शेजारच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. गाडी गेली की जमीन आपली, असं ते धरून चालले होते. तरी १९९० मध्ये पहिला तुकडा इथेच, रोशपोर्टला खुला झाला. आज ही वाट २४० मैल आहे.

माझ्या पायांना हा प्रवासातला सगळ्यात सुखाचा दिवस. चुनखडीची बारीक कच छान दबून बसलेली. एका हाताला मिझुरी नदी, दुसऱ्या हाताला चुनखडीचे उभे कडे. १८०४ मध्ये पश्चिमेची वाट शोधायला निघालेले लुइस आणि क्लार्क याच नदीतून प्रवाहाच्या उलट वर गेले. गावाजवळ १८९३ चा २४३ फुटांचा दगडी बोगदा आहे. सोमवारच्या बोगद्यानंतर तो सुरू होताच संपला. आगगाडीच्या वाटेवर पळताना चढ डोळ्यांना दिसत नाही, फक्त श्वासाला कळतो, कारण इंजिनाला जो चढ झेपत नाही तो मुळात ठेवलेलाच नसतो.

"आपल्याकडची शकुंतला रेल्वे बंद पडली, तिचं काय झालं?" बाबांनी विचारलं.

मूर्तिजापूर, अचलपूर, यवतमाळ. रूळ अजून बऱ्याच ठिकाणी गवतात पडून आहेत. तिथल्या लोकांना गाडीच हवी आहे, ट्रेल नको, आणि त्यात चूक काही नाही. पण गाडी येईपर्यंत पळायला काय हरकत होती, असं मला आपलं वाटून गेलं.

शुक्रवार. कॅन्सस, स्ट्राँग सिटी

कॅन्ससबद्दल सगळ्यांनी सांगितलं होतं की तिथे बघण्यासारखं काही नाही, सरळ निघून जा. हे सांगणारे महामार्गावरून खाली उतरलेले नसणार.

उत्तर अमेरिकेचा मधला पट्टा एके काळी उंच गवताचा होता. त्यातलं चार टक्क्यांहून कमी गवत उरलंय आणि बहुतेक इथे, फ्लिंट हिल्समध्ये. कारण जमिनीत आहे. बाबांनी वाटेच्या कडेला बुटाच्या टाचेने उकरून बघितलं. "वर वीतभर माती, खाली चुनखडी आणि गारगोटी. नांगर घालणार कुठे?" आजूबाजूची काळीभोर जमीन शेतकऱ्यांनी उलथीपालथी केली, मका आणि गहू लावला. इथे मात्र नांगराचे फाळ मोडले, म्हणून गुरं चारली आणि गवत वाचलं. दर वसंतात इथले लोक माळ पेटवून देतात. आग फिरली नाही तर झाडं-झुडपं शिरतात आणि गवताचा माळ राहत नाही. आधीच्या मूळ रहिवाशांनाही हे ठाऊक होतं.

टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह १९९६ मध्ये झालं. दारातच १८८१ चा चुनखडीच्या चिऱ्यांचा वाडा आणि तीन मजली गोठा. गोठा बघून बाबांनी मला पळायला सोडलं. ऑक्टोबरात बिग ब्लूस्टेम गवत तांबूस होतं आणि सखल जागी माझ्या डोक्याच्या वर जातं. चढून वर गेलं की मात्र गुडघाभर. झाड नाही, खांब नाही, वाऱ्याला अडवायला काहीच नाही. जाताना तोंडावर घेतलेला वारा येताना पाठीला मिळेल हा माझा हिशेब होता. वाऱ्याने तो मानला नाही.

वाट बायसनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांच्या कुरणातून जाते. २००९ मध्ये साउथ डकोटातल्या विंड केव्हमधून तेरा जनावरं आणून सोडली, त्यांचा आता कळप झालाय. शंभर यार्डांच्या आत जायचं नाही, असा फलक आहे. पण जनावरांनी कुठे बसायचं यावर फलक नसतो. एका चढाच्या माथ्यावर आठ-दहा जणं ऐन वाटेवर रवंथ करत बसलेली. मी थांबले. गवतात शिरून लांबचा वळसा घेतला, सॉक्सभर कुसळं घेतली आणि चालत पुढे गेले. पळणाऱ्या जनावराकडे दुसऱ्या जनावराचं लक्ष जातं, ही अक्कल बारामतीकडच्या वळूंनी मला फार लवकर शिकवली होती.

शनिवार दिवसभर गाडी. कॅन्ससचा पश्चिम भाग खरोखरच सरळ निघून जाण्यासारखा आहे. कोलोरॅडोत शिरल्यावर दुपारी पश्चिमेला ढग दिसले आणि तासाभराने कळलं की ते डोंगर आहेत.

रविवार. कोलोरॅडो, मॅनिटू स्प्रिंग्ज

गावाच्या मागे पाइक्स पीक, १४,११५ फूट. त्याच्या पायथ्याशी मॅनिटू इनक्लाइन. १९०७ मध्ये जलवाहिनीच्या कामासाठी दोरीने ओढायची रेल्वे घातली, पुढे पर्यटकांना नेलं, १९९० मध्ये दरड कोसळून ती बंद झाली. रूळ काढले, पण त्याखालचे ओंडके राहिले, तेच आता पायऱ्या. लोक कित्येक वर्षं बेकायदा चढत होते. २०१३ मध्ये रीतसर परवानगी मिळाली. आता आधी नाव नोंदवावं लागतं, पैसे पडत नाहीत. पायऱ्या २,७६८. मैलभराच्या आत दोन हजार फूट चढ.

"सरासरी एक्केचाळीस टक्के," मी वाचून दाखवलं.

"म्हणजे अडीचास एक. घाटात आम्ही वीसास एक धरतो." बाबांनी मान वर करून ती उभी रेघ पाहिली आणि छत्री काखोटीला मारून गावात गेले. मॅनिटूत खनिज पाण्याचे झरे आहेत, रस्त्याच्या कडेला नळ लावलेत, पाणी फुकट. प्रत्येकाची चव वेगळी आणि पाण्यात मुळातच सोडा असतो. दोन तासांत त्यांनी सगळे चाखून वहीत गुण दिले. पहिला आलेला झरा वाळ्याच्या सरबताला चालेल, असा शेरा आहे.

इकडे माझी गाठ उंचीशी होती. पायथाच कळसूबाईच्या शिखरापेक्षा वर. समुद्रसपाटीच्या न्यू जर्सीत राहिलेल्या फुफ्फुसांना हे आधी सांगून ठेवलेलं नव्हतं. पळायचा प्रश्नच नाही. वीस पायऱ्या, थांब, वीस पायऱ्या, थांब. दोन तृतीयांश चढल्यावर माथा आल्याचा भास होतो आणि तो माथा नसतो, हे मी वाचून गेले होते. तरीही रागच आला. माझ्या शेजारून सत्तरीच्या एक बाई न थांबता वर गेल्या, त्यांनी हसून नमस्कार केला. तो परत करण्याइतका श्वास माझ्याकडे नव्हता.

खाली उतरायला बार ट्रेल आहे आणि पळणं तिथे आलं. गुलाबी ग्रॅनाइटचा सुटा भुगा, वळणावळणाची वाट, पाय घसरतो म्हणून पावलं छोटी. पाइक्स पीकची शर्यत याच वाटेवर १९५६ पासून होते. १९५९ मध्ये आर्लीन पायपर नावाच्या एकोणतीस वर्षांच्या बाईने इथे शिखर गाठून खाली येत पूर्ण मॅरेथॉन पुरी केली. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये तिची व्यायामशाळा होती, तिची जाहिरात व्हावी हा तिचा हेतू. शिखरापर्यंत तिची नऊ वर्षांची मुलगीही सोबत चढली. अमेरिकेत रीतसर मॅरेथॉन पूर्ण करणारी पहिली स्त्री आपणच, हे आर्लीनला कळलं २००९ मध्ये, पन्नास वर्षांनी. बॉस्टनच्या मॅरेथॉनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला तो १९७२ मध्ये. बॉस्टनच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. ही बाई मात्र संध्याकाळी घरी जाऊन कामाला लागली.

मंगळवार. युटा, शेफर ट्रेल

सोमवारी रॉकी पर्वत ओलांडून मोआबला उतरलो. तिथून कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यान. शेफर ट्रेल म्हणतात ती खरं तर मातीची सडक आहे. पठाराच्या कड्यावरून दीड हजार फूट खाली वळणं घेत उतरते. वरून पाहिलं तर कुणीतरी नाडा उलगडून कड्यावर टाकलाय असं वाटतं. आधी मूळ रहिवाशांची पायवाट, मग शेफर घराण्याची गुरं उतरवायची वाट. १९५० च्या दशकात अणुबाँबसाठी युरेनियम हवं होतं तेव्हा ती ट्रकसाठी रुंद केली. या पठाराखाली युरेनियम फारसं मिळालं नाही. रस्ते तेवढे मागे राहिले.

बाबा वरच्या कठड्यापाशी छत्री उघडून उभे राहिले. मी खाली निघाले. लाल धूळ, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पाण्याचा थेंब कुठे नाही, म्हणून पाठीवर तीन लिटर. उतरताना मांड्या भरून येतात आणि परतीला त्याच मांड्यांनी चढायचं असतं, हा या वाटेचा उलटा न्याय. एक जीप वर येत होती, वळणावर तिला जागा द्यायला मी भिंतीला चिकटले. सडक सोडून बाजूला पाय टाकायचा नसतो. तिथली काळपट, खवल्यांची माती जिवंत आहे. सूक्ष्म जीवांनी विणलेला तो पापुद्रा वाळवंटाची धूळ धरून ठेवतो. एका बुटाने मोडला तर भरून यायला दशकं लागतात.

वर आले तर बाबांची तक्रार तयार होती. "वळणाला बाहेरच्या बाजूने कठडा नाही. साधे चुना लावलेले दगडसुद्धा नाहीत." मग जरा थांबून, "पण आखणी चांगली आहे. ज्याने आखली त्याला डोंगर कळत होता."

गुरुवार. नेव्हाडा, बोल्डर सिटी

हा दिवस माझा नव्हताच. बाबा पहाटे चारला उठून दाढी करून तयार.

हूवर धरणाच्या बांधकामासाठी १९३१ मध्ये कड्याच्या अंगाने रेल्वे घातली. ती मोडल्यावर तिची ट्रेल झाली, थेट धरणापर्यंत सहा किलोमीटर. वाटेत पाच बोगदे, प्रत्येक साधारण तीनशे फूट लांब आणि पंचवीस फूट व्यासाचा. आगगाडीला एवढा मोठा बोगदा कशाला लागतो? बाबांनी पहिल्या बोगद्यात उभं राहून उत्तर दिलं: गाडीसाठी नाही, गाडीवरच्या मालासाठी. पाण्याच्या प्रचंड नळांचे भाग आणि जनित्रं इथूनच गेली.

ते चालले, मी पुढे पळून मागे येत राहिले. डावीकडे खाली लेक मीड. पाणी खूप उतरलेलं, जुन्या पातळीचा पांढरा पट्टा सगळ्या काठाने फिरलेला. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. उजनी रिकामी झाली की तिच्या काठावर असेच उभे राहतात.

धरणावर पोचल्यावर मी मुलगी राहिले नाही, कनिष्ठ अभियंता झाले. "कोयना १०३ मीटर. हे २२१." काँक्रीट घट्ट होताना तापतं. एवढा ढीग आपोआप निवायची वाट बघितली असती तर पिढ्या गेल्या असत्या आणि तडे गेले असते ते वेगळंच. म्हणून पोटातून एक इंची नळ्यांचं जाळं घातलं आणि त्यातून गार पाणी खेळवलं. नळ्यांची एकूण लांबी ५८२ मैल. "माणसं काँक्रीटमध्ये गाडली गेली असं लोक सांगतात ते खोटं. एका वेळी पाच फुटांचा थर ओतायचे, त्यात माणूस बुडेल कसा? पण माणसं मेली. दरड पडून, कड्यावरून पडून." अधिकृत आकडा ९६ आहे. कामगारांच्या स्मारकापाशी त्यांनी टोपी काढली.

परतीला त्यांचे पाय दुखत होते, पण ते कबूल करणं शक्य नव्हतं. चौथ्या बोगद्यात सावली होती, तिथे बसून लाडू खाल्ले. वरच्या कड्यावर वळलेल्या शिंगांचे रानमेंढे उभे होते, त्यांना आमच्यात रस नव्हता.

शनिवार. कॅलिफोर्निया, ऑबर्न

शुक्रवारी नेव्हाडाचं वाळवंट कापत वर आलो. आज शेवटचं पळणं, आणि ते मुद्दाम ऑबर्नला ठेवलं होतं.

सिएरा नेव्हाडातून ऑबर्नला येणारी ही डोंगरवाट मूळ रहिवाशांची, मग सोनं आणि चांदी शोधणाऱ्यांची. १९५५ पासून तिच्यावर घोड्यांची शर्यत होते: एका दिवसात शंभर मैल. १९७४ मध्ये गॉर्डी एन्स्ली हा गडी घोड्याशिवायच तिच्यात उतरला आणि २३ तास ४२ मिनिटांत पायांनी पोचला. जगातली शंभर मैलांच्या धावांची प्रथा पुढे त्याचंच बघून वाढली. आता वेस्टर्न स्टेट्स ही घोड्यांपासून वेगळी शर्यत आहे, जूनच्या शेवटी.

मी फक्त शेवटचा तुकडा पळाले. अमेरिकन नदीच्या संगमाजवळ नो हँड्स ब्रिज आहे, १९१२ चा काँक्रीटच्या कमानींचा. खाणीतली चुनखडी आणायला रेल्वेने बांधला होता, दुसऱ्या महायुद्धात रूळ उपटून नेले. कठडे नव्हते तेव्हा एक बाई लगाम सोडून घोड्यावरून हा पूल पार झाली म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. पुलाच्या पुढे काही वेळ रेल्वेचा सपाट रस्ता आणि मग रॉबी पॉइंटचा चढ. रात्रभर पळून आलेल्या माणसाला हा चढ कसा वाटत असेल, याचा मी घाम पुसत अंदाज केला. वर गावात शिरलं की डांबरी रस्ता, घरं, कुत्री, आणि शेवटी प्लेसर हायस्कूलचं मैदान. शर्यत शाळेच्या ट्रॅकवर संपते.

बाबा फाटकापाशी गाडी लावून उभे होते. आज कुणी टाळ्या वाजवायला नव्हतं. आत शाळेची पोरं चेंडू लाथाडत होती.

"तू कधी पळणार ही?"

"आधी पात्रतेची मोठी धाव पुरी करावी लागते. मग चिठ्ठी टाकायची. हजारो लोक टाकतात, नंबर लागायला वर्षं जातात."

"मुदत किती?"

"तीस तास."

त्यांनी वही काढली. "शंभर मैल म्हणजे १६१ किलोमीटर, भागिले तीस. ताशी साडेपाच किलोमीटरसुद्धा नाही. एवढं तर मी कालव्यावर रोज चालायचो." पेन टोपणात घातलं. "झोपायचं कधी?"

"झोपायचं नाही."

"मग नको," बाबा म्हणाले, आणि इथे चहा कुठे मिळेल ते बघायला सांगितलं.